चारात टाक

‘चारात टाक.’

आमच्या घरात दिवसातून दहा वेळा तरी हे ऐकू यायचं. दुधाची पिशवी आणली, चारात टाक. सिलिंडरवाल्याला वर वीस रुपये दिले, चारात टाक. कांदे, फिनेल, झुरळांचं औषध, रविवारी मागवलेली बिर्याणी, सगळं चारात. ओट्याच्या वरच्या खिळ्याला सुतळीने एक दोनशे पानी वही टांगलेली असायची. जिने खर्च केला तिने तारीख, वस्तू, रक्कम आणि आपलं गाव लिहायचं. महिनाअखेरीला बेरीज करायची, चारने भागायचं, आणि जिचे कमी भरले असतील तिने जिचे जास्त भरले असतील तिला द्यायचे. मला त्या वहीचा फार अभिमान होता. ती मीच सुरू केली होती.

नावाऐवजी गाव लिहायचो, कारण हाकही गावानेच मारायचो. नाशिक, कराड, परभणी, आणि मी संगमेश्वर. जून २०१५ मध्ये मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं घर आम्ही घेतलं. अकरा महिन्यांचा करार, भाडं ३२,०००, डिपॉझिट एक लाख आणि एजंटाला एक भाडं. मोठ्या खोलीत कराड आणि मी. त्या खोलीला गॅलरी आणि स्वतंत्र बाथरूम. छोट्या खोलीत नाशिक एकटी. तिथे मालकाने बसवलेला एसी. परभणी सगळ्यात शेवटी आली, म्हणून हॉलमधला दिवाण तिच्या वाट्याला आला. भाडं प्रत्येकी ८,०००. समान. यात काही चुकतंय असं तेव्हा आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. निदान बोलून तरी कुणी दाखवलं नाही.

हॉलमध्ये राहायचं म्हणजे काय, हे हॉलमध्ये राहिल्याशिवाय कळत नाही. टीव्ही बंद होईपर्यंत झोपायचं नाही. सकाळी सहाला दूधवाल्याची बेल वाजली की उठून आपणच दार उघडायचं. कपडे बदलायचे तर बाथरूममध्ये. कुणाचं कुणी आलं की अंथरूण गुंडाळून दिवाणाखाली सारायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभं राहायचं. शिवाय करारनाम्यावर नावं कराडची आणि माझी. डिपॉझिटमधले तिचे २५,००० भरायचे होते, त्यातले तिने १०,००० दिले, उरलेले १५,००० मी घातले होते. त्यामुळे ती स्वतःला बहुतेक पाहुणीच समजायची, आणि पाहुण्यासारखीच वागायची. कमी जागा व्यापायची, कमी बोलायची, सगळ्याला ‘चालेल’ म्हणायची.

पगार कुणी कुणाला विचारले नव्हते, पण अंदाज असतोच. नाशिक गणिताच्या क्लासमध्ये शिकवायची आणि आमच्यात सगळ्यात जास्त कमवायची. कराड आणि मी नोकरीत पाच-सहा वर्षं मुरलेल्या. परभणी ठाण्याच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला नुकती लागली होती. हातात १५,०००, त्यातले भाड्यात आठ जाणार, दोन घरी पाठवणार.

आणि मी काय म्हणायचे? कुणी वहीतल्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवलं की म्हणायचे, “अगं, जाऊ दे ना. पन्नास रुपयांचा काय हिशेब करायचा? आपण काय परक्या आहोत?” हे बोलताना मला मी मोठ्या मनाची वाटायचे. ‘जाऊ दे’ म्हणायलाही खिशात काहीतरी असावं लागतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

जानेवारी २०१६ मधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा बंद, आणि ओट्याशी कुणीतरी उभं. खिडकीतून समोरच्या जिन्यातल्या ट्यूबलाइटचा उजेड येत होता, तेवढ्यात दिसलं ते असं : ओट्यावर कागदात लादीपावातले दोन पाव, शेजारी स्टीलच्या डबीत घरून आलेली शेंगदाण्याची चटणी. परभणी पावाचा तुकडा चटणीत दाबून, आवाज न करता खात होती. फ्रीज तिच्या पाठीशीच. त्यात संध्याकाळी मागवलेली पनीरची भाजी निम्मी उरलेली.

“जेवली नाहीस?”

“जेवले ना ताई. हे असंच.”

“फ्रीजमध्ये भाजी आहे की. घे ना.”

“नको. मी संध्याकाळी नाही म्हणले होते.”

“म्हणून काय झालं? तुझे पैसे आहेतच त्यात.”

ती जरा थांबली. मग अगदी साध्या आवाजात, लॅबमधला रिपोर्ट वाचावा तशी म्हणाली, “मी जेवत नाही म्हणले की तुम्ही तिघींपुरतंच मागवता. सहाशेचं येतं. चारात दीडशे पडतात. मी हो म्हणले की आठशेचं येतं, मग दोनशे पडतात.”

म्हणजे उपाशी राहून ती पन्नास रुपये वाचवत होती, आणि न खाल्लेल्या जेवणाचे दीडशे भरत होती. सात महिने. माझ्या वहीत, माझ्या अक्षरात, तिची प्रत्येक महिन्याची रक्कम बिनचूक होती. भागाकार कुठेच चुकला नव्हता.

भीड ही भिकेची बहीण, असं आई म्हणायची. तेव्हा मी ते भिडस्त माणसाला दिलेला टोमणा समजत होते. त्या रात्री वाटलं, भीड कुणाला पडते तेही बघायला हवं. ती नेहमी त्यालाच पडते ज्याचं त्यात जास्त जातं. नाशिकला कधी भीड पडली नाही, मला पडली नाही. “हे चारात नको” एवढे तीन शब्द बोलायची सगळ्यात जास्त गरज जिला होती, तिलाच ते बोलता येत नव्हते. आणि आमची ती आपलेपणाची भाषा, हिशेब कशाला, परक्या का आहोत, तिचं तोंड आणखी घट्ट बंद करत होती. कारण आता हिशेब मागणं म्हणजे परकेपणा दाखवणं.

रविवारी अण्णांना फोन केला. माझे वडील १९७४ मध्ये संगमेश्वरहून मुंबईला आले, ते थेट लालबागला गाववाल्यांच्या खोलीवर. गिरणगावात अशा खोल्या गावोगावच्या होत्या. गावाच्या मंडळाने एक खोली धरायची आणि गावातून येणाऱ्या प्रत्येकाने तिथे टेकायचं. अण्णांची खोली दहा बाय बारा. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या. पहिल्या पाळीचा उठून गेला की तिसऱ्या पाळीहून आलेला त्याच जागेवर आडवा व्हायचा, म्हणून तेवढ्या खोलीत वीस-बावीस माणसं मावायची. लहानपणापासून हे मी ऐकलेलं. पण पैशांचं काय करायचात, हे कधी विचारलंच नव्हतं.

अण्णा म्हणाले, “वही होती. दरमहा वर्गणी. झोपणाऱ्याची वेगळी, नुसती ट्रंक ठेवणाऱ्याची वेगळी. आणि गावावरून नवा पोरगा आला की त्याला दुसऱ्याच्या बदलीवर का होईना, काम लागेपर्यंत वर्गणी माफ.”

“तो मागायचा का माफी?”

“छे. त्याला विचारायचंच नाही, जमेल का म्हणून. तो होच म्हणणार. वहीत आधीपासून लिहिलेलं असायचं.”

जेवायला ते खानावळीत. गिरणगावात घरोघरी बायका अशा खानावळी चालवायच्या, दहा-पंधरा कामगारांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण. वाण्याकडून उधारीवर सामान उचलायचं, गिरणीचा पगार झाला की कामगार पैसे देणार, मग वाण्याचे फेडायचे. अशा बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. अण्णा जिच्याकडे जेवायचे त्या खानावळवाल्या मावशीच्या दारामागे खडूने रेघा मारलेल्या असत. आदल्या दिवशी सांगून जो जेवायला आला नाही त्याच्या नावापुढे ‘खा’. खा म्हणजे खाडा. महिनाअखेरीला खाडे मोजून तेवढे पैसे कमी. मावशीचं पोट त्या पैशांवर, तरी खाड्याचे पैसे तिने कधी घेतले नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, आणि खानावळवाल्या बायकांच्या उधाऱ्या थकल्या. अण्णा दुसऱ्या वर्षी गावी परतले ते मावशीचे तीन महिन्यांचे पैसे अंगावर घेऊन. दोन वर्षांनी भात विकून त्यांनी ते मनिऑर्डरने पाठवले. हे सांगताना त्यांचा आवाज अजून बदलतो.

खाडा! हा शब्द आपल्याकडे घरकामाच्या बाईंसाठी आणि दूधवाल्यासाठी उरलाय. मला त्यात आमच्या घराचा अख्खा प्रश्न दिसला. कशाला खाडा लागतो आणि कशाला लागत नाही, हे ठरवलं की अर्धं भांडण मिटतं. भाड्याला खाडा नाही. बाईंच्या पगाराला नाही. आपण गावी गेलो म्हणून त्यांचं लादी पुसणं कमी होत नाही. इंटरनेटला नाही. पण दूध, भाजी, अंडी, बाहेरून मागवलेलं जेवण यांना खाडा आहे. दिवाळीला परभणी देवगिरी एक्स्प्रेसने घरी गेली होती, बारा दिवस. त्या बारा दिवसांच्या दुधाचे पैसे तिने भरले होते. मी वही उलटून पाहिलं.

त्या संध्याकाळी चौघी हॉलमध्ये, म्हणजे परभणीच्या घरात, बसलो. वहीच्या नव्या पानावर प्रत्येकीच्या नावाखाली रोजचा रकाना आखला आणि ‘खा’ लिहायला सुरुवात केली. ते सोपं गेलं. भाडं अवघड होतं.

नाशिकने युक्ती काढली. प्रत्येकीने चिठ्ठीवर लिहायचं : छोट्या खोलीचे किती, मोठ्या खोलीतल्या एका जागेचे किती, हॉलचे किती. बेरीज ३२,००० झाली पाहिजे. नाव लिहायचं नाही. मग सरासरी काढायची. हॉलसाठी चार आकडे आले : ४,०००, ४,५००, ४,५०० आणि ७,०००. सात हजार लिहिणारी कोण हे अक्षरावरून कळलं. बिननावाच्या चिठ्ठीतसुद्धा तिने स्वतःला फक्त हजाराची सूट दिली होती. सरासरी ५,००० आली. छोटी खोली १०,०००, मोठ्या खोलीतल्या आम्ही दोघी प्रत्येकी ८,५००.

पुढे नाशिकने सांगितलं की यावर खरंखुरं गणित आहे. फ्रान्सिस सू नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९९९ मध्ये सिद्ध करून दाखवलं की काही साध्या अटी पाळल्या तर भाड्याची वाटणी अशी करता येतेच की प्रत्येकाला वेगळी खोली हवीशी वाटेल आणि दुसऱ्याच्या खोलीचा हेवा उरणार नाही. त्यातली एक अट अशी की फुकट मिळणारी खोली माणूस पैसे मोजाव्या लागणाऱ्या खोलीपेक्षा पसंत करील. मला ते फार आवडलं. पण या गणितात विचारलं की माणूस मनातलं खरं सांगतो, असं धरलेलं आहे. आमच्या हॉलमध्ये सात हजाराची चिठ्ठी होती. तिचं काय करायचं, हे आमचं आम्हालाच ठरवायचं होतं.

विजेच्या बिलावर मात्र खरी खडाजंगी झाली, ती मे महिन्यात. तोपर्यंत बिल चारात जायचं. एसीशिवाय आमची २१० युनिटं व्हायची. मे मध्ये ४३० झाली. ज्यांनी बिल नीट वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते : घरगुती विजेला एकच दर नसतो. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी जास्त. वर स्थिर आकार, आणि सगळ्यावर टक्क्यांत बसणारं १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे युनिटं दुप्पट झाली तर बिल दुपटीच्या बरंच वर जातं. कराडचं म्हणणं, वाढलेली सगळी रक्कम नाशिकची, कारण वरची महाग युनिटं तिच्या एसीची. नाशिकचं म्हणणं, “वरची माझीच कशी? फ्रीजची वर धरा, माझी खाली धरा. वीज काय रांग लावून येते?”

मुद्दा खोटा नव्हता. अर्धा तास आम्ही त्यावर अडलो. शेवटी मी म्हटलं, असं बघू या : एसी नसता तर बिल किती आलं असतं? तेवढं चारात. वरचा फरक एसीचा. म्हणजे स्वस्त युनिटं चौघींची सारखी, कारण ती घराला घर म्हणून मिळतात. नाशिकने कागद घेतला, स्वतःच आकडेमोड केली आणि म्हणाली, बरोबर आहे. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून एसीला सबमीटर बसवून घेतला. दर एक तारखेला रीडिंग वहीत.

त्याच मे महिन्यात एकदा रात्री उठले तर छोट्या खोलीचं दार अर्धं उघडं, फटीत चप्पल अडकवलेली, आणि गार हवा हॉलमधल्या दिवाणापर्यंत येत होती. नाशिकने ते कधी वहीत लिहिलं नाही, आणि आम्हीही कधी काढलं नाही. मला वाटतं, हिशेब चोख झाल्यामुळेच ते दार उघडलं. आधी एसीचे पैसे परभणीही भरत होती, तेव्हा ते बंद असायचं.

बाकीचं भराभर ठरत गेलं. बाईंना दिवाळीला एक पगार जास्त, चारात. पाहुणा तीन दिवसांपर्यंत घराचा, पुढे जिचा तिचा. तेल, साबण, शॅम्पू आपापलं.

पैशात न मोजता येणाऱ्या गोष्टी तशाच राहिल्या. सिलिंडरसाठी घरी थांबणं, मालकाचे फोन घेणं, तुंबलेली मोरी. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा सामाईक खर्चाच्या डब्यात पाचशेच्या सात नोटा होत्या. ३,५००. बँकेत सुरुवातीला ४,००० पर्यंत बदलून मिळत होत्या, पण रांगेत उभं कोण राहणार? परभणीची दुपारची पाळी होती, ती सकाळी सहाला जाऊन उभी राहिली. पहिल्या दिवशी नंबर येईपर्यंत पैसे संपले, दुसऱ्या दिवशी मिळाले. दोन सकाळी. त्यांचे किती लावायचे? आम्ही तिच्या पुढच्या चार सकाळच्या पाळ्या, म्हणजे दूध घेणं आणि ओटा पुसणं, वाटून घेतल्या. फिटलं की नाही सांगता येणार नाही. पण वहीत लिहिलं : ‘बँकेची रांग, परभणी.’ रकमेच्या जागी रेघ.

पगाराच्या प्रमाणात खर्च वाटावा, असं कराडने एकदा सुचवलं होतं. कागदावर तेच सगळ्यात न्याय्य दिसतं. परभणी नको म्हणाली, आणि तिचं मला पटलं. आपला पगार चौघींत मांडायचा, आणि दरमहा तिघींच्या उपकारावर राहायचं, हे तिला नको होतं. तिला सूट नको होती, जे वापरलं तेवढंच भरायचं होतं. त्याऐवजी एक गोष्ट आम्ही पाळली, आणि आजही कुणी नव्याने घर करत असेल तर मी हीच आधी सांगते. सामाईक खर्च कुठवर न्यायचा, हे सगळ्यात कमी पगाराच्या माणसाने ठरवायचं, आणि ते आकड्यात, घर लावतानाच. आमच्याकडे आकडा होता महिन्याला माणशी १,८००. त्याच्या वर पनीर हवं, बिर्याणी हवी, तर मागवणारीने आपल्या नावावर मागवायचं आणि वाटलं तर सगळ्यांना खिलवायचं. खुशाल खिलवावं. पण ते चारात नाही.

पुढच्या फेब्रुवारीत अण्णा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आले होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी खिळ्यावरची वही काढून मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. ‘खा’ दिसल्यावर त्यांचा चेहरा फुलला. मग मागची पानं उलटून म्हणाले, “गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून पोरीला पाच हजार लावलेत. त्याच्या आधीचं?”

“आधीचं काय, अण्णा?”

“आधी आठ घेत होता ना? ती काय तेव्हा मोठ्या खोलीत झोपत होती?”

मला उत्तर देता आलं नाही. तीन हजार, सात महिने. २१,०००. त्यातले नाशिकचे १४,०००, कराडचे आणि माझे साडेतीन-साडेतीन. पुढचं सुधारलं की मागचं मिटलं, असं आम्ही तिघींनी न बोलता धरून चाललो होतो. रात्री दोघींना सांगितलं. कराड काही बोलली नाही. नाशिक म्हणाली, “मला हे माझं मला कळायला हवं होतं,” आणि दुसऱ्या दिवशी पैसे काढून आणले. परभणीकडून डिपॉझिटचे माझे १५,००० यायचे होते ते फिटले, आणि ६,००० तिच्या हातात ठेवले. ती घेईना. “ताई, झालं गेलं. जाऊ द्या ना.” माझंच वाक्य. तिच्या तोंडून ते ऐकवेना. अण्णा डोळ्यावर पट्टी बांधून दिवाणावर पडले होते, तिथूनच म्हणाले, “घे गं. तुझेच आहेत.”

पुढच्या शनिवारी मी कामावरून आले तर हॉल अर्धा झालेला. छताजवळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दांडी, आणि तिच्यावर जाड निळा पडदा, जमिनीला टेकणारा. पडद्याआड दिवाण, टेबलफॅन, उशाशी तिच्या आईचा फोटो. ती आत गाढ झोपली होती, संध्याकाळी सात वाजता, टीव्ही चालू असताना.

मी पाणी प्यायला गेले आणि सवयीने वही पाहिली. तिच्या बारीक, सरळ अक्षरात नवी ओळ होती. ‘हॉलचा पडदा, दांडी, बसवणावळ. १,१५०.’ रक्कम तिने चारांच्या रकान्यात लिहिली होती. कुणालाही न विचारता.